दूरच्या प्रिंटरशी बोलताना

युनिक्सला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते छपाईमुळे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना नवा संगणक हवा होता, आणि तो मागायचा तर संस्थेला त्याचा काही उपयोग दाखवणे भाग होते. तो उपयोग पेटंट विभागात सापडला. पेटंटचे अर्ज ठरावीक साच्यात, ओळींना क्रमांक घालून टाइप करावे लागत. १९७१ साली त्या विभागातले टंकलेखक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. थोड्याच वर्षांत जो ओसाना यांनी ट्रॉफ लिहिला आणि युनिक्सवरून फोटोटाइपसेटरवर पुस्तकाच्या दर्जाची पाने निघू लागली. कागदावर मजकूर नीट उमटवणे हे या प्रणालीचे जन्मापासूनचे काम आहे.

तरीही आज शाळेत, ग्रंथालयात किंवा छोट्या कचेरीत लिनक्स सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट कोणती, तर तो प्रिंटरकडे बोट दाखवील. नेटवर्क चालते, फाइली उघडतात, ब्राउझर चालतो. ‘प्रिंट येत नाहीये’ एवढे मात्र रोज ऐकावे लागते. हे पुस्तक त्या माणसासाठी लिहिले आहे. त्यात आज्ञा आहेत, सेटिंग आहेत, दोष शोधण्याच्या रीती आहेत. पण त्याआधी हे सगळे असे का रचले गेले ते सांगितले पाहिजे, कारण त्यामागचा हेतू कळला नाही तर आज्ञा पाठ करून फार दिवस भागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रिंटर जोडणे म्हणजे संगणकाकडून प्रिंटरकडे मजकूर जाण्याची सोय करणे, असे आपण समजतो. ते अर्धेच काम झाले. नेटवर्क प्रिंटर आपल्या टेबलाशी नसतो, तो दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या मजल्यावर असतो. तिथे कागद संपला, झाकण उघडे राहिले, ताव अडकला, तर ते आपल्याला इथे बसून कळले पाहिजे. प्रिंटरचे उत्तर आपल्यापर्यंत परत येण्याची सोय हे त्या कामाचे दुसरे अर्धे. गेल्या पन्नास वर्षांतली या विषयातली सगळी धडपड या दुसऱ्या अर्ध्यासाठी झाली आहे, आणि प्रत्यक्षात बिघडते ते बहुतेक वेळा तिथेच.

याची सुरुवात एका प्रसिद्ध प्रसंगाने झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सगळ्यांसाठी मिळून एक प्रिंटर होता आणि तो वारंवार अडकत असे. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून ठेवला होता: ताव अडकला की रांगेत वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर निरोप जाई, आणि कोणीतरी उठून तो सोडवून येई. १९८०च्या सुमारास झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर दिला. तो जलद होता, छपाई सुरेख होती, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सोबत नव्हता. त्यामुळे तीच सोय नव्या यंत्रात घालता येईना. लोक छापायला पाठवत, बऱ्याच वेळाने जाऊन पाहत, तर काम पहिल्याच पानावर अडकलेले. तो मजकूर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्यांच्याकडे गेले. गुप्ततेचा करार केला आहे असे सांगून त्यांनी नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि त्या निर्णयाकडे नेणाऱ्या घटनांमध्ये ते स्वतः हा नकार आवर्जून सांगत आले आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे नेटवर्क प्रिंटरची एक गैरसोय आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांचे मागणे साधे होते: यंत्र कुठे अडले ते यंत्राने सांगावे.

त्याच वर्षी आलेल्या बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये छपाईची जी यंत्रणा होती तिने पुढची वीस वर्षे राज्य केले. तिचा गाभा म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा एलपीडी हा प्रोग्रॅम. त्याच्याकडे काम सोपवायला एलपीआर, रांग पाहायला एलपीक्यू, रांगेतले काम काढायला एलपीआरएम, आणि प्रिंटरांची सगळी माहिती प्रिंटकॅप या एका फाइलीत. या व्यवस्थेत दूरच्या संगणकाला जोडलेल्या प्रिंटरकडेही काम पाठवता येई. ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर एका बाइटचा हुकूम, मग रांगेचे नाव, मग फाइल. १९९० साली आरएफसी ११७९ या दस्तऐवजात ही पद्धत लिहून काढली गेली. तोवर ती केवळ प्रचारात होती म्हणून प्रमाण होती. तिचा साधेपणा मला आजही आवडतो. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांच्या मूळ संचात एलपीडी अजून आहे, आणि एखादा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर एकाच ठिकाणाहून वापरायचा असेल तर तो पुरतोही.

पण या पद्धतीत काम पाठवणे म्हणजे पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणे. पोचपावतीची सोय जवळजवळ नाहीच. दूरच्या रांगेची स्थिती विचारता येते, पण उत्तर कोणत्या रूपात यावे याचा नियम नाही. ते माणसाने वाचायचे, प्रोग्रॅमने समजून घ्यायचे नाही. प्रिंटर रंगीत छापतो का, दोन्ही बाजूंनी छापतो का, त्यात ए४ भरला आहे की लीगल, हे विचारायला वाटच नाही. प्रिंटरला ओळीचा शेवट कसा हवा हेही असेच विचारता येत नसे. युनिक्समध्ये ओळ संपली हे एकाच चिन्हाने दाखवतात. अनेक प्रिंटरांना ओळ खाली सरकवण्याचे एक आणि डाव्या कडेला परत येण्याचे दुसरे अशी दोन चिन्हे लागत. ती दोन्ही गेली नाहीत तर मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरका उतरत उजव्या कडेबाहेर जाई. त्या पिढीतल्या बहुतेक प्रशासकांनी नवा प्रिंटर जोडल्यावर अशी पाने पाहिली आहेत.

सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या घराण्यातल्या युनिक्सने हेच काम एलपी, एलपीस्टॅट आणि कॅन्सल या आज्ञांनी केले. आज लिनक्सवर दोन्ही घराण्यांच्या आज्ञा शेजारी शेजारी मिळतात, म्हणूनच नवशिक्याला एकाच कामाची दोन नावे दिसतात. दोन्ही बरोबर आहेत. मी या पुस्तकात शक्यतो एलपी वापरले आहे.

नव्वदच्या दशकात प्रिंटरांना स्वतःची नेटवर्क कार्डे आली. ह्युलेट-पॅकार्डच्या जेटडायरेक्ट कार्डाने ९१०० क्रमांकाचे पोर्ट रूढ केले. त्यावर जोडणी करा, बाइट ओता, जोडणी बंद करा. कामाला नाव नाही, पाठवणाऱ्याची ओळख नाही. आजही कोणत्याही कार्यालयीन प्रिंटरवर हे पोर्ट बहुधा उघडे सापडते, आणि बाकी सगळे फसले की जाणकार त्याचा आधार घेतात. चाचणीपुरते ते ठीक आहे. कायमची व्यवस्था त्यावर बांधू नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्या मार्गाने प्रिंटरकडून फारसे काही परत येत नाही.

इथवर वाटेची गोष्ट झाली. त्या वाटेने काय जायचे हा वेगळाच प्रश्न, आणि ‘ड्रायव्हर टाकला का?’ या रोजच्या सवालाचे मूळ त्यात आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या ॲडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली, आणि १९८५ साली ॲपलचा लेझररायटर ती भाषा बोलत बाजारात आला. त्याच्यातला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉशपेक्षा वेगवान होता आणि किंमत ६,९९५ डॉलर होती. एवढे महाग यंत्र एका माणसासाठी कोण घेणार? म्हणून ते पहिल्या दिवसापासून नेटवर्कवर, अनेकांनी मिळून वापरण्यासाठी बनवलेले होते. युनिक्सच्या जगाने पोस्टस्क्रिप्ट मनापासून स्वीकारली. प्रत्येक प्रोग्रॅम पोस्टस्क्रिप्ट लिहू लागला आणि प्रिंटरने ती वाचावी अशी अपेक्षा धरू लागला.

स्वस्त प्रिंटर मात्र ती वाचत नव्हते. पोस्टस्क्रिप्टचा परवाना आणि तिला लागणारी मेमरी, दोन्हीला पैसे पडत. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापली भाषा काढली, तिचे वर्णन आपल्याजवळ ठेवले आणि भाषांतराचे काम विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सोपवले. युनिक्स वापरणारा माणूस त्या व्यवहारात कुठेच नव्हता. त्याला तारले ते मोजक्या लोकांच्या कष्टांनी. एल. पीटर डॉइच यांचे घोस्टस्क्रिप्ट १९८८ साली आले. ते पोस्टस्क्रिप्टचे पान संगणकावरच ठिपक्यांत उतरवते. गिंप-प्रिंट आणि पुढे गुटेनप्रिंट या नावाने रॉबर्ट क्राविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो प्रिंटरांसाठी रंगांची बारीक जुळवणी केली. ग्रँट टेलर आणि टिल काम्पेटर यांनी कोणता प्रिंटर कोणत्या साधनाने चालतो याची मोठी यादी लोकांकडून माहिती गोळा करत उभी केली, तीच फूमॅटिक. या लोकांची नावे प्रिंटर चालू झाल्यावर कोणाला आठवत नाहीत, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

मायकेल स्वीट यांनी १९९७ साली कप्स हे छपाईचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आज लिनक्सवर ‘प्रिंटर जोडणे’ म्हणजे बहुतेक ठिकाणी कप्स चालवणे. ॲपलने मॅक ओएस एक्सच्या १०.२ आवृत्तीपासून ते स्वीकारले, २००७ मध्ये त्याची मालकी घेतली आणि स्वीट यांनाही नोकरीवर घेतले. २०१९ च्या शेवटी स्वीट ॲपलमधून बाहेर पडले, आणि आता लिनक्ससाठीची वाढ ओपनप्रिंटिंग या प्रकल्पात होते. पण कप्सचे मोठेपण त्याच्या प्रसारात नाही. त्याने जो संवाद-नियम पायाला धरला त्यात आहे. तो नियम म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, सर्वत्र आयपीपी म्हणून ओळखला जाणारा. त्याचे पहिले दस्तऐवज एप्रिल १९९९ चे आहेत आणि आजचे रूप २०१७ च्या आरएफसी ८०१० आणि ८०११ मध्ये आहे. वेबची पाने ज्या एचटीटीपीवरून येतात त्याच्यावरूनच तो चालतो, पोर्ट ६३१.

आयपीपीमध्ये प्रिंटरला प्रश्न विचारता येतात, आणि प्रिंटरने नेमक्या, आधीच ठरलेल्या शब्दांत उत्तर द्यायचे असते. तू कोणते कागद घेतोस? कोणत्या रूपातली फाइल तुला वाचता येते? दोन्ही बाजूंनी छापतोस का? एका इंचात किती ठिपके? सध्या तू मोकळा आहेस, कामात आहेस की थांबला आहेस? थांबला असशील तर का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांची यादीच नियमात दिली आहे: कागद संपला, टोनर कमी आहे, झाकण उघडे आहे, आणि ताव अडकला. स्टॉलमन यांनी प्रयोगशाळेत हाताने घातलेली सोय आता जगभरच्या प्रिंटरांसाठी लिहून ठेवलेला नियम झाली आहे. कप्ससोबत येणारे आयपीपीटूल वापरून तुम्ही हे प्रश्न आपल्या प्रिंटरला स्वतः विचारू शकता. पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात ते करायला सांगितले आहे, प्रिंटर जोडण्याच्याही आधी. ती कृती गाळू नका. एकदा प्रिंटरची दोनतीन पाने भरतील एवढी उत्तरे डोळ्यांनी पाहिली की त्या पेटीविषयीची भीती जाते.

प्रिंटर सापडणे हाही याच संवादाचा भाग. ॲपलटॉकच्या काळात मॅकवाल्यांना नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप दिसत. आयपीच्या जगात ती सोय हरवली होती. स्टुअर्ट चेशर यांनी ती परत आणली. आज ती बोन्जूर या नावाने, आणि लिनक्सवर अवाही या प्रोग्रॅमच्या रूपाने चालते. २०१३ मध्ये तिचे नियम आरएफसी ६७६२ आणि ६७६३ म्हणून प्रसिद्ध झाले. प्रिंटर आपल्या नेटवर्कच्या तुकड्यात स्वतःची ओळख पुकारतो आणि संगणक ती ऐकतो. ही पुकार राउटर ओलांडत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. महाविद्यालयात प्रयोगशाळेचे नेटवर्क वेगळे आणि कार्यालयाचे वेगळे असते. वायफायवर पाहुण्यांसाठी वेगळी सोय असते आणि तिथे जोडलेली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशी तजवीज असते. मग प्रिंटर चालू, संगणक चालू, आणि यादीत मात्र काहीच नाही. अशा वेळी प्रिंटरचा पत्ता हाताने द्यावा. शोध लागत नसला तरी छपाई होते. फायरवॉलमध्ये ५३५३ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टला वाट आहे का तेही पाहावे.

हे सगळे जुळून आले तेव्हा ड्रायव्हरची गरज संपू लागली. २०१० मध्ये ॲपलने फोनवरून छापण्यासाठी एअरप्रिंट आणले, कारण फोनमध्ये शेकडो ड्रायव्हर कोण भरणार? २०१३ मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुप या उद्योगसंस्थेने आयपीपी एव्हरीव्हेअर प्रसिद्ध केले. विचार असा की प्रिंटरने आपली क्षमता स्वतः सांगावी आणि ठरलेल्या दोनचार रूपांतली फाइल वाचावी. मग संगणकाला त्याची कंपनी किंवा मॉडेल माहीत असण्याचे कारण उरत नाही. गेल्या काही वर्षांत घेतलेला कार्यालयीन प्रिंटर बहुधा यातले एक तरी बोलतो. अशा प्रिंटरसाठी सगळी जोडणी एका आज्ञेत होते: एलपीॲडमिनला रांगेचे नाव द्या, प्रिंटरचा आयपीपी पत्ता द्या आणि मॉडेलच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ लिहा. या आज्ञेत मोठ्या लिपीतला ई हा पर्याय नावाच्या आधी लिहिला तर सांकेतिक जोडणीचा हुकूम होतो, आणि नावानंतर लिहिला तर रांग चालू करून कामे घ्यायला सुरुवात होते. जागा चुकली तर प्रिंटर यादीत दिसतो पण कामे घेत नाही.

मराठी वाचकासाठी एक प्रश्न इथे विशेष जवळचा आहे. देवनागरी कागदावर नीट का उतरत नाही? जुन्या प्रिंटरांत अक्षरे आतच भरलेली असत. लेझररायटर प्लसमध्ये पस्तीस फाँट होते, आणि त्यात रोमन लिपी, ग्रीक आणि चिन्हे यांपलीकडे काही नव्हते. एलपीआरने साधा मजकूर पाठवला की प्रिंटर आपल्याजवळची अक्षरे काढून छापी. देवनागरीसाठी तो रस्ता कधीच नव्हता. आपल्या लिपीत नुसती अक्षरांची यादी पुरत नाही. ऱ्हस्व इकार उच्चाराने व्यंजनानंतर येतो पण आधी लिहायचा असतो, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे सगळे मांडण्याचे काम आज पँगो आणि हार्फबझ ही सॉफ्टवेअर करतात, आणि ते संगणकावर होते, प्रिंटरमध्ये नाही. म्हणून मराठी दस्तऐवजाची खात्रीची वाट एकच: आपल्या संगणकावर त्याची पीडीएफ करा, फाँट त्यातच गुंफलेला असू द्या आणि ती पीडीएफ छापा. लिनक्सवरच्या छपाईने पोस्टस्क्रिप्ट सोडून पीडीएफ हे मधले रूप मानले, याचा आपल्या लिपीला मोठा फायदा झाला.

साधी मजकुराची फाइल सरळ छापायला दिली तर काय होते ते त्या वाटेवरचा फिल्टर कोणता यावर ठरते. काही फिल्टर प्रत्येक चिन्ह सुटे ठेवतात आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द मोडून पडतो. पँगोच्या आधाराने चालणारा पॅप्स हा प्रोग्रॅम हे काम बरोबर करतो. कमांड लाइनवरून मराठी याद्या छापणाऱ्याने तो जवळ ठेवावा. फाँटच्या बाबतीत पुण्याचा उल्लेख केला पाहिजे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेल्या लोहित फाँटांची देखभाल त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे केली, आणि लिनक्सवरचे मराठी पान वाचनीय होण्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे.

पानाचे ठिपके संगणकावर होऊ लागले की नेटवर्कवरचा भारही वाढतो. ए४ कागदावर इंचाला ६०० ठिपके धरले तर एका पानात सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. काळ्यापांढऱ्या छपाईत ते चार-साडेचार मेगाबाइटांत मावतात. पूर्ण रंगीत पान दाबून लहान केले नाही तर १०० मेगाबाइटांच्या पुढे जाते. छायाचित्रांचा अहवाल वायफायवरून छापताना प्रिंटर पानापानाला थबकतो त्याचे कारण अनेकदा एवढेच असते, आणि प्रिंटर केबलने जोडला की हे थबकणे थांबते असा अनुभव येतो.

बिघाडांविषयी पुस्तकात सर्वांत लांब प्रकरण आहे. त्यातल्या तीन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा भेटतात. पहिली, पत्ता बदलणे. राउटरने प्रिंटरला दिलेला आयपी पत्ता कायमचा नसतो. वीज जाऊन आली की तो वेगळा मिळू शकतो आणि आपली रांग जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते. राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते प्रिंटर पेटीतून काढल्याच्या दिवशी करावे. दुसरी, थांबलेली रांग. एखादे काम फसले की रांग थांबवून ठेवायची, हे कप्सचे मूळचे धोरण आहे. प्रिंटर पुन्हा चालू झाला तरी रांग आपणहून चालू होत नाही. लोक छापत राहतात, कामे साचत जातात, आणि सगळे प्रिंटरला दोष देतात. एलपीस्टॅट पाहावे, कप्सएनेबल या आज्ञेने रांग सोडावी, आणि अशी वेळ वारंवार येत असेल तर त्या रांगेचे धोरण ‘पुन्हा प्रयत्न’ असे बदलावे. तिसरी, कागदाचा आकार. बऱ्याच सॉफ्टवेअरचा मूळ कागद अमेरिकन लेटर असतो, २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ लांब. आपला ए४ आहे २१० बाय २९७. दस्तऐवज लेटर मागतो, ट्रेमध्ये ए४ असतो, आणि प्रिंटर हवा तो कागद मिळेपर्यंत दिवा लुकलुकवत उभा राहतो. प्रिंटर बिघडला म्हणून तक्रार येते तेव्हा आधी हे तपासावे.

सुरक्षेचे प्रकरण मला पुन्हा लिहावे लागले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या परिवारातले काही दोष उघड केले. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा कप्स-ब्राउज्ड हा प्रोग्रॅम ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर कुठूनही आलेल्या निरोपावर विश्वास ठेवत होता. त्या वाटेने खोटा प्रिंटर घुसवता येई, त्याच्या वर्णनात घातक आज्ञा लपवता येई, आणि वापरणाऱ्याने त्या प्रिंटरवर काही छापले की ती आज्ञा संगणकावर चाले. दुरुस्त्या आल्या आहेत. पण लिनक्सचा जो संगणक थेट इंटरनेटवर उघडा आहे त्यावर छपाईची कोणतीही सेवा बाहेरून पोचता येईल अशी ठेवू नये, आणि कप्स-ब्राउज्डची गरज नसेल तर तो बंद करावा. प्रिंटर हा संगणकच आहे, त्याच्या वेब-पानाला पासवर्ड असतो, आणि तो बदलायचा असतो.

शेवटी आपल्या कचेऱ्यांमधल्या प्रत्यक्ष परिस्थितीबद्दल. वर ज्या नव्या प्रिंटरांविषयी लिहिले ते सगळीकडे नाहीत. तालुक्याच्या गावी वकिलाकडे, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात जाल तर एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० भेटण्याची शक्यता जास्त. दोन्ही मजबूत आहेत, टोनर स्वस्तात भरून मिळतो, आणि लोक ते टाकायला तयार नसतात; त्यांचे बरोबर आहे. दोन्हींना फक्त यूएसबी आहे, आणि दोन्हींना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीडीएफ कळत नाही. लेझरजेट १०२० तर वीज बंद होताच आपला अंतर्गत प्रोग्रॅम विसरतो. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने तो त्याला पुन्हा पाठवावा लागतो. अशा प्रिंटरला नेटवर्कवर आणायचे तर त्याला लिनक्सचा एक छोटा संगणक जोडायचा, त्यावर कप्स चालवायचे आणि प्रिंटर इतरांना खुला करायचा. मग बाकीच्या संगणकांना आणि फोनांना तो आयपीपी बोलणारा प्रिंटर म्हणूनच दिसतो.

कप्सची पुढची दिशा याच धर्तीवर ठरली आहे. तिसऱ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर राहणार नाहीत. जुन्या यंत्रांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचे छोटे प्रोग्रॅम असतील, जे आत जुना ड्रायव्हर चालवतील आणि बाहेरच्या जगाशी आयपीपीत बोलतील. त्यासाठीचा पाया, पॅपल, हाही मायकेल स्वीट यांनीच लिहिला आहे, आणि ओपनप्रिंटिंगने असे काही प्रोग्रॅम तयार करून दिलेही आहेत. जुने प्रिंटर बाद होतील या भीतीने कोणी नवे घेण्याची घाई करू नये.

शेवटच्या प्रकरणात लेझरजेट १०२० घेऊन ही सगळी कृती सुरुवातीपासून दिली आहे. त्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालेल. एलबीपी २९०० साठी मात्र कॅननचा ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीच बांधलेला असल्याने कचेरीत पडून असलेला एखादा जुना डेस्कटॉप शोधावा, त्यात दोन गिगाबाइट मेमरी असली तरी पुरे, आणि तो प्रिंटरशेजारीच, पण टोनरची भुकटी पंख्यात जाणार नाही एवढ्या अंतरावर ठेवावा.